‘युफोरिया’ : हा शब्द मुळात आला कुठून, आणि मराठीत त्याला काय म्हणावं?

सोनटक्का

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचक होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

येत्या श्रावणात बाबांना जाऊन वर्ष होईल. मेंदूत गाठ होती, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेली. गाठीभोवतीची सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू केलं. त्याआधीचे पंधरा दिवस बाबा स्वतःहून कुशीवर वळत नव्हते. बोलायला लागले की वाक्य अर्ध्यावर सुटायचं. इंजेक्शन सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी पहाटे मी खुर्चीत पेंगत होते. डोळे उघडले तर बाबा पलंगावर पाय सोडून बसलेले. म्हणाले, “दाढीचं सामान आणलंयस का? आणि मला भूक लागलीय.”

तिथून पुढे नऊ दिवस बाबा असे होते, जसे आई गेल्यापासून मी पाहिलेच नव्हते. ते वीज मंडळात वायरमन होते, पाटण भागात. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांना त्यांनी पाटण ते हेळवाक रस्त्यावरचा कुठला पोल पावसात वाकतो ते सांगितलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. ती हकीकत आम्ही लहानपणी शंभरदा ऐकलेली, पण या वेळी त्यांनी ती उभं राहून, हात पसरून सांगितली. सकाळी सहाला साखर बघायला बोटाला सुई टोचणाऱ्या सिस्टरला ते रोज म्हणायचे, “टोच बाई, आज कुठंच दुखत नाही.” मला म्हणाले, “कसं हलकं हलकं वाटतंय गं.” रात्री झोप जवळजवळ नव्हतीच, पण त्याची तक्रारही नव्हती.

चौथ्या की पाचव्या दिवशी राउंडनंतर केसपेपरवर नजर गेली. बाकी आकड्यांच्या खाली दोन शब्द : ‘पेशंट युफोरिक’. मला ते फार लागलं. क्रिकेटचा सामना जिंकला की पेपरात जो शब्द येतो, तो माझ्या मरणाच्या दारातल्या बाबांसाठी? आणि त्यात कुठेतरी ‘हा आनंद खरा नव्हे’ असं लिहिलंय असंही वाटलं. औषधाने असं होतं हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे आम्ही घरचे तर बाबा बरे होतायत असंच समजून बसलो होतो. दहाव्या दिवशी पुन्हा झापड आली, आणि मग सगळं लवकर झालं.

माझा भाऊ मस्कतला असतो. व्हिसाच्या अडचणीमुळे त्याला त्या दिवसांत येता आलं नाही. त्याच्यासाठी ते नऊ दिवस मी लिहून काढतेय, मराठीत. आणि नेमकी या शब्दापाशी अडलेय. ‘युफोरिया’ लिहवत नाही, ‘आनंद’ लिहिलं तर पुरत नाही. मी मुद्रितशोधनाचं काम करते, दिवसभर शब्दांतच असते, तरी सुचत नाही. कोशात ‘हर्षोन्माद’, ‘सुखभ्रम’ असं सापडतं. पण बाबांना उन्माद नव्हता, आणि भ्रम म्हणायला माझं मन धजत नाही.

हा शब्द मुळात काय आहे? कुणी सांगेल का?

पारंबी

ताई, वाचून गलबलून आलं. शब्दाचं म्हणाल तर माझ्या माहितीप्रमाणे हे मूळ संस्कृतच. ‘सुभर’ वरून ग्रीकांनी उचललं आणि पुढे इंग्रजीत गेलं. बघा ना : सुभर, युफर, युफोरिया.

मूळाक्षर

सोनटक्का, तुमचं लिहिणं वाचून बराच वेळ उत्तर लिहायला घेतलं नाही. आता लिहितो.

पारंबी, तुमचा कान बरोबर आहे, पण नातं तुम्ही म्हणता तसं नाही. ग्रीकांनी संस्कृतातून उचललेलं नाही. दोन्ही भाषा एका जुन्या घरातल्या बहिणी आहेत, आणि दोघींनी आजीचा एकच दागिना आपापल्या पेटीत ठेवला, असं समजा.

शब्दाचे दोन तुकडे. पहिला ‘एउ’, म्हणजे चांगलं, नीट. आपला ‘सु’ त्याचाच भाऊ. दुसरा तुकडा ‘फेरेइन’ या क्रियापदाचा, म्हणजे वाहून नेणं, पेलणं, सोसणं. हे आपलं ‘भृ’, ‘भरति’. संस्कृतात जिथे भ येतो तिथे ग्रीकात फ, लॅटिनमध्येही फ आणि इंग्रजीत ब येतो. भ्राता आणि ब्रदर हे त्याचं शाळेत सांगतात ते उदाहरण. त्याच हिशोबाने भरति, फेरेइन, लॅटिन ‘फेर्रे’ आणि इंग्रजी ‘बेअर’. बेअर म्हणजे सोसणं, वाहणं, आणि मूल जन्माला घालणंही. ‘बर्थ’ आणि ‘बर्डन’ त्याच कुटुंबातले. आपल्याकडे भार, भारा, संभार, भार्या हे सगळे ‘भृ’चेच.

ग्रीक ‘फेरेइन’ आपण रोज वापरतो, फक्त ओळखत नाही. फॉस्फरस म्हणजे प्रकाश वाहणारा. वसई-गोव्याकडचं ख्रिस्तोफर हे नाव म्हणजे ख्रिस्ताला वाहून नेणारा. मेटाफर, म्हणजे रूपक, अर्थ इथून उचलून तिथे नेतं.

म्हणजे ‘युफोरिया’चा शब्दशः अर्थ ‘नीट पेलणं’, ‘सहज सोसता येणं’. त्यात हर्षाचा ह सुद्धा नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. तुम्हाला लागलं, कारण तुम्हाला वाटलं की क्रिकेटचा शब्द दवाखान्यात आणला. प्रवास नेमका उलटा आहे. हा शब्द इंग्रजीत आला तोच वैद्यांच्या बोलीतून. १७०६ सालच्या एका इंग्रजी शब्दकोशात त्याचा अर्थ असा दिलाय : औषधाचं काम शरीराने नीट पेलणं, म्हणजे त्या औषधाने रोग्याला आराम पडणं, सुटल्यासारखं वाटणं. पुढे बराच काळ तो असाच रोग्याच्या उशापाशी राहिला. निरोगी माणसाच्या आनंदासाठी, सामान्य बोलण्यात, तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळायला लागला.

क्रिकेटने तो दवाखान्याकडून घेतलाय.

सोनटक्का

मूळाक्षर काका, हे मला अजिबात माहीत नव्हतं. दोनदा वाचलं. ‘औषधाचं काम शरीराने नीट पेलणं’. मी दिवसभर दुसऱ्यांचं लिखाण तपासते आणि हा शब्द कधी उघडून बघितला नाही.

रात्रपाळी

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावी. केसपेपरवर असे दोन शब्द मीही लिहिते, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी औषधाचं. गाठीभोवतीची सूज डेक्सामेथासोनने भराभर उतरते, कधी कधी चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांतच माणूस बोलायला लागतो, हात हलवायला लागतो. तुमच्या बाबांच्या त्या बदलात मोठा वाटा या खऱ्या सुधारणेचा होता. मेंदूवरचा दाब खरोखर कमी झाला होता. त्याच्या जोडीला स्टेरॉइडचे म्हणून परिणाम असतात : भूक खवळते, झोप उडते, साखर चढते, आणि काही जणांचं मन एकदम वर येतं. सगळ्यांचं नाही. काही जण चिडचिडे होतात, काहींना रडू येतं, काहींचा तोल पार सुटतो. म्हणून मनाची अवस्था टिपून ठेवावी लागते. डोस कमी करायचा का, झोपेचं काही द्यायचं का, हे त्यावरून ठरतं. तुम्हाला हे आधी समजावून सांगायला हवं होतं. ती चूक आम्हा लोकांकडून होते. राउंडला तीस पेशंट असले तरी ती चूकच.

दुसरं. आम्हाला एमबीबीएसला मनोविकारशास्त्रात चढत्या आनंदाच्या चार पायऱ्या शिकवतात : युफोरिया, इलेशन, एग्झाल्टेशन, एक्स्टसी. युफोरिया सगळ्यात खालची. तिथे माणूस खुशीत असतो, आशेवर असतो, सगळं बरं चाललंय असं त्याला वाटतं. वरच्या पायऱ्यांवर त्याला एका जागी बसवत नाही, तो मोठेपणाच्या गोष्टी करतो, आणि शेवटच्या पायरीवर त्याला आजूबाजूचं भानच राहत नाही. तुमचे बाबा सिस्टरशी गोड बोलत होते, शेजारच्याला पोलाची माहिती देत होते, आणि ती बरोबर होती. ‘युफोरिक’ लिहिणाऱ्याने ‘उन्माद नाही’ हेही त्याच शब्दात लिहिलं होतं, असं समजा.

‘आनंद खरा नव्हे’ असा अर्थ त्या शब्दात नाही. आनंदाला कारण काय, एवढंच त्यातून आम्ही शोधतो.

ओवी

माझी आजी मिरजेजवळ वानलेसवाडीच्या क्षयरोग सॅनेटोरियममध्ये नर्स होती. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन नुकतं कुठे यायला लागलं होतं, त्या काळात. ती सांगायची की खंगून खंगून हाडं राहिलेला माणूस शेवटी शेवटी गालावर लाली येऊन बसायचा आणि घरी गेल्यावर काय काय करणार ते सांगायचा. एकाने बहिणीच्या लग्नाच्या याद्या करायला घेतल्या होत्या. आजीला तो कागद त्याच्या उशाखाली सापडला. पंगतीत किती पानं, तूप किती शेर, सगळं नीट अक्षरात.

जुने डॉक्टर याला लॅटिनमध्ये ‘स्पेस थायसिका’ म्हणायचे, म्हणजे क्षयी माणसाची आशा. आजी तिच्या भाषेत ‘दिव्याची वात मोठी होणं’ म्हणायची.

मूळाक्षर

ओवी, याच्याशी जुळणारी नोंद आहे. १८६० च्या दशकात थॉमस लेकॉक या इंग्रज वैद्याने युफोरिया म्हणजे शरीराला बरं वाटणं आणि मनात आशा असणं, असं वर्णन केलं. काही असाध्य आजारांच्या अगदी शेवटी ही अवस्था अवेळी येते हेही त्याने टिपलं आणि त्याचं कारण मज्जासंस्थेतल्या बिघाडात शोधलं.

मग दोन नावं. १८८४ मध्ये सिग्मंड फ्रॉइडने कोकेनवर प्रबंध लिहिला. स्वतः घेऊन बघितलं होतं त्याने. त्याचं म्हणणं असं की कोकेनने येणारा युफोरिया आणि धडधाकट माणसाचा नेहमीचा युफोरिया यांत फरक नाही. (कोकेनचं व्यसन किती भयंकर हे त्याला तेव्हा उमगलं नव्हतं, आणि त्याची किंमत त्याच्या जवळच्या माणसांनी मोजली.) पण भाषेच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट बघण्यासारखी आहे. फ्रॉइडच्या लेखी निरोगी माणसाला रोजच थोडा युफोरिया असतो. सकाळी उठून काही दुखत नाही, पाय जमिनीवर नीट पडतायत, एवढंच. त्यानंतर १८९० च्या सुमारास कार्ल वेर्निके हा जर्मन मनोविकारतज्ज्ञ मॅनियाच्या, म्हणजे उन्मादाच्या, रुग्णांतल्या ‘असामान्य युफोरिया’बद्दल व्याख्यानं देऊ लागला. तिथून शब्दावर ती दुसरी छाया पडली, जी तुम्हाला केसपेपरवर दिसली.

कंदील

धाग्याच्या जरा बाजूला जातोय. ४ जुलै २०२४ ला विश्वचषक घेऊन संघ मुंबईत आला तेव्हा मी मरीन ड्राइव्हवर होतो. माणसांवर माणसं होती. दुसऱ्या दिवशी इंग्रजी पेपरांत हाच शब्द होता. शेअर बाजारातही आम्ही रोज ऐकतो, बाजार फुगला की ‘युफोरिया आलाय’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ ‘आता सांभाळा’ असा असतो. आज हा ताईंचा धागा वाचून वाटलं की बाजारवाल्यांनीही तो डॉक्टरांच्याच अर्थाने घेतला असावा. खुशी आहे, पण आत काय चाललंय ते तपासा.

शेवंती

मराठीत ‘हर्षवायू’ आहे की! ‘त्याला हर्षवायू झाला’ असं आपण सर्रास म्हणतो. आणि तोही वैद्यकातून आलाय. वायू म्हणजे वात. अंगात वात झाला की माणूस बडबडतो, तसा हर्षाचा वात. इंग्रजांनी दवाखान्यातून शब्द आणला तसा आपणही वैद्याच्या ओसरीवरून आणला.

सोनटक्का

शेवंती, हर्षवायू मी लिहून बघितला होता. ‘बाबांना हर्षवायू झाला होता’. पण तो शब्द एकदम होतो, बातमी कळल्यासारखा. लॉटरी लागली, पोरगा बोर्डात आला, आणि हर्षवायू झाला. बाबांना कसलीच बातमी कळली नव्हती. आणि त्या शब्दात बघणारा जरा बाजूला उभा राहून बघतो, तेही मला नको. पण वैद्याच्या ओसरीचं तुम्ही म्हणालात ते फार पटलं.

रात्रपाळी

मघाशी चौथी पायरी ‘एक्स्टसी’ लिहिली, तेव्हापासून डोक्यात आहे. मूळाक्षर, त्याचाही काही इतिहास असेल ना?

मूळाक्षर

आहे, आणि आपल्याला जवळचा आहे. ग्रीक ‘एक्स्तासिस’. एक् म्हणजे बाहेर, आणि स्तासिस म्हणजे उभं राहणं. आपल्या जागेवरून बाहेर पडून उभं राहणं, मन ठिकाणावरून सुटणं. तो ‘स्ता’ म्हणजेच आपला ‘स्था’.

आता त्याच धातूचा आपला शब्द घ्या : स्वस्थ. स्व मध्ये स्थित. आपल्या ठिकाणी उभा असलेला. म्हणजे एकाच धातूवरून एका बहिणीने ‘आपल्यातून बाहेर’ जाण्याला परमानंद म्हटलं, आणि दुसरीने ‘आपल्यात’ असण्याला आरोग्य म्हटलं. सुश्रुतसंहितेत स्वस्थ माणसाची व्याख्या आहे. तीत शरीरातले दोष, अग्नी, धातू सम असावेत हे तर आहेच, पण शेवटी आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न असावं असंही म्हटलंय. प्रसन्न असल्याशिवाय स्वस्थ नाही.

मला हे फार मोठं वाटतं. सोनटक्का, तुमचे बाबा एक्स्टसीत नव्हते. तुम्ही जे वर्णन केलंय, वायरमनने पोल आठवणं, दाढी करावीशी वाटणं, ते आपल्या जागी परत येणं आहे.

सोनटक्का

दाढीचं सामान घरून आणायला मी भाच्याला पाठवलं होतं. तो येईपर्यंत बाबा आरसा हातात धरून बसले होते. हे लिहायचं राहिलं होतं, आत्ता वहीत लिहून घेतलं.

पारंबी

मूळाक्षर, चूक मान्य. सगळं संस्कृतातून निघालं असं आमच्याकडे एका मास्तरांनी ठसवलं होतं, ते निघता निघत नाही. बहिणीचं नातं जास्त छान आहे. पण मग ‘सुभर’ असा शब्द आपल्याकडे खरंच आहे की मी मनानेच केला?

बोधिवाट

पारंबी, आहे, आणि मी तो लहानपणापासून म्हणत आलोय.

मी अमरावतीचा. आमच्या विहारात वंदनेच्या वेळी करणीयमेत्त सुत्त म्हणतात. पालीत आहे. शांत पद ज्याला मिळवायचंय त्याने कसं असावं याचं वर्णन सुरुवातीच्या ओळींत येतं. त्यात ‘संतुस्सको च सुभरो च’ असे शब्द आहेत. संतुस्सको म्हणजे संतुष्ट. सुभरो म्हणजे ज्याचं पोषण सोपं, ज्याचा दुसऱ्यावर भार होत नाही, थोडक्यात ज्याचं भागतं असा. भंतेजी आम्हा मुलांना सांगायचे, “घरी ताटात जे येईल ते नाक न मुरडता खाल्लंत तर तुम्ही सुभर.” माझी आई त्या दिवसापासून कारल्याची भाजी केली की मला ‘सुभर हो’ म्हणायची.

आता मूळाक्षर सांगतायत त्या हिशोबाने ‘सु’ आणि ‘भर’, ‘एउ’ आणि ‘फोर’ तेच झाले ना? तुकड्याला तुकडा.

मूळाक्षर

बोधिवाट, तुकड्याला तुकडा. इतकी वर्षं या भाषा वाचतोय, हे सुत्त ऐकलेलं आहे, आणि तरी या दोन शब्दांना शेजारी बसवून कधी पाहिलं नाही. मनापासून आभार. (आभारातही ‘भार’ आहेच.)

अर्थाची दिशा मात्र थोडी वेगळी, तेवढं नोंदवतो. ग्रीक शब्दात भार पेलणारा तो स्वतः आहे, त्याला तो सहज पेलतो. पालीत दुसऱ्यांना त्याचा भार सहज पेलतो. एकच ओझं, दोन्ही बाजूंनी उचललेलं.

आणि संस्कृतातला ‘उत्साह’ही इथेच आणून बसवावासा वाटतो. धातू वेगळा आहे, ‘सह्’, म्हणजे सोसणं. त्याला ‘उद्’ लागून उत्साह. म्हणजे सोसण्यातूनच वर येण्याचा शब्द काढावा, हे आपल्याकडेही सुचलेलं आहे.

गलबत

जहाजावर इंजिनिअर आहे, मूळचा दाभोळचा. आत्ता नेट मिळालं म्हणून लिहितो.

ग्रीसमधल्या पिरेयस बंदरात आमचं जहाज दुरुस्तीसाठी बरेच दिवस अडकलं होतं. तिथला एक फिटर थेसलीच्या मैदानातला, शेतकरी घरचा. तो त्याच्या जमिनीबद्दल बोलताना सारखं ‘एफोरी, एफोरी’ म्हणायचा. मला वाटायचं हा जमिनीला युफोरिया झालाय म्हणतो. मग त्याने अंगठा आणि बोटं चोळून मातीचा हावभाव केला, दोन्ही हात पोटासमोर धरून गव्हाचं शेत दाखवलं. तेव्हा कळलं, त्यांच्या आजच्या भाषेत ‘एफोरी’ जमीन म्हणजे सुपीक जमीन. चांगलं वाहणारी, भरभरून देणारी.

आमच्याकडे भाताच्या लोंब्यांत दाणा आला की ‘दाणा भरला’ म्हणतात. मूळाक्षर काका, हा भरलाही त्याच ‘भर’मधला का?

मूळाक्षर

हो. ‘भरति’ पासूनच आपलं ‘भरणं’. वाहून आणणं, आणि आणून ओतलं की भरणं. पोट भरलं, दाणा भरला, ओटी भरली, ऊर भरून आला. ऊर भरून येणं म्हणजे ‘फेरेइन’च्या मराठी नातीनेच घरात येऊन बसणं आहे. इंग्रजी ‘फर्टाइल’ही लॅटिन ‘फेर्रे’कडून आलेला.

शेवंती

मग ‘ऊर भरून आला’ हेच घ्या की ताई.

सोनटक्का

शेवंती, तो ऊर माझा भरून आला होता. बाबांचा नाही. ते मजेत होते.

ओवी

मी पुन्हा वर जाऊन पहिली पोस्ट वाचली. सगळे जण शब्द शोधतोय, आणि मला वाटतं तो तिथेच पडलाय. बाबा स्वतः काय म्हणाले? “कसं हलकं हलकं वाटतंय गं.”

मूळाक्षर काकांनी १७०६ च्या कोशातला अर्थ सांगितला, औषधाने आराम पडणं, सुटल्यासारखं वाटणं. ‘हलकं वाटणं’ म्हणजे दुसरं काय? ओझं नीट पेललं जाणं.

रात्रपाळी

ओवी, मी हे वाचून खुर्चीत सरळ बसले. माझ्या ओपीडीत हे वाक्य रोज येतं. ताप उतरला की, लघवी मोकळी झाली की, छातीतलं पाणी काढलं की. परवाच एका आजींच्या छातीतलं पाणी काढलं, सव्वा लिटर. दोन तासांनी गेले तर म्हणाल्या, “आता कसं हलकं वाटतंय बाई.” कुणीही ‘मला आनंद झाला’ म्हणत नाही. ‘हलकं वाटतंय’ म्हणतात. आणि मी कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिते.

बोधिवाट

मघाशी लिहिलं नाही, कारण त्याचा संबंध लागेल असं वाटलं नव्हतं. त्याच ओळीत ‘सुभरो’च्या पाठोपाठ ‘अप्पकिच्चो’ आणि मग ‘सल्लहुकवुत्ति’ येतं. अप्पकिच्चो म्हणजे ज्याच्यामागे कामांचा पसारा थोडा. सल्लहुकवुत्ति म्हणजे ज्याचं जगणं हलकं, पाठीवर फार सामान नसलेला. ‘लहुक’ म्हणजे हलकं.

मूळाक्षर

आणि आपला ‘हलका’ त्या ‘लहुक’चाच. संस्कृत लघु, लघुक, प्राकृतात लहुअ, आणि पुढे ल आणि ह यांनी जागा बदलल्या, हलुअ, हलका. अशी अदलाबदल बोलीत पुष्कळ होते.

मी ग्रीसपर्यंत जाऊन आलो आणि शब्द पाटणच्या वायरमनने आधीच सांगून ठेवला होता. ओवी, तुम्ही नीट वाचलंत.

कंदील

ताई, भावाला पाठवाल तेव्हा जमलं तर इथेही थोडं लिहा. घाई नाही.

सोनटक्का

तीन दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. लिहीत होते.

काल रात्री भावाशी फोनवर बोलले. त्याला विचारलं, बाबांनी तुला त्या दिवसांत फोन केला होता ना, काय बोलले? मला माहीत होतं की फोन झाला होता, पण काय बोलणं झालं ते त्याने कधी सांगितलं नव्हतं. म्हणाला, बाबांनी विचारलं की तुझ्या खोलीतला पंखा आवाज करतो का अजून. दोन वर्षांपूर्वी तो एकदा म्हणाला होता पंखा आवाज करतो म्हणून. मग बाबांनी त्याला फोनवर बेअरिंगला तेल कुठून सोडायचं ते समजावलं. मेन स्विच बंद केलास का, असं तीनदा विचारलं. तेल सोडल्यावर पंखा लावून फोन पंख्याकडे धरायला लावला आणि म्हणाले, “हां, आता हलका चालतोय.”

भावाला वाटत होतं की ते औषधाच्या भरात बोलत होते, म्हणून त्याने ते मला सांगितलं नव्हतं. रात्रपाळी डॉक्टर, तुमचा प्रतिसाद मी त्याला जसाच्या तसा वाचून दाखवला. सूज खरोखर उतरली होती हे वाक्य त्याने दोनदा वाचायला लावलं.

केसपेपरची झेरॉक्स मी वहीत चिकटवली आहे, ‘पेशंट युफोरिक’ तसंच ठेवून. त्याच्याखाली मूळाक्षर काकांनी दिलेला १७०६ चा अर्थ लिहिलाय. आणि पुढच्या पानावर सुरुवात अशी केली आहे :

“बुधवारी पहाटे बाबांना हलकं वाटायला लागलं. त्यांनी दाढीचं सामान मागितलं.”